एअर कोण काढणार?

स्त्रियांच्या प्रश्नांसाठी काढलेल्या अंकात मी डिझेल इंजिनाबद्दल लिहायला बसले आहे, याचे काही मैत्रिणींना हसू येईल. येऊ दे. जमीन बाईच्या नावावर हवी, मजुरी बरोबरीची हवी, घरावर दोघांची नावे हवीत, हे आपण गेली कितीतरी वर्षे बोलतो, लिहितो, त्यासाठी मोर्चे काढतो. ते बरोबरच आहे. पण बाईच्या नावावर आलेले यंत्र शेतात बंद पडले तर ते पुन्हा चालू कोण करणार, हा प्रश्न आपल्या एकाही शिबिरात चर्चेला आलेला मला आठवत नाही. यंत्र चालू असेपर्यंत ते कागदावर कुणाचे आहे याने फारसे काही अडत नाही. बंद पडले की मालक कोण ते कळते.

मी राहते तो भाग रोहा तालुक्यातला. दिवा-रोहा गाडीने नागोठणे सोडले की निडी येते आणि मग रोहा. भाताचा मुलूख. खाचरे लहान, बांध जास्त. इथल्या घरांतले पुरुष धाटावच्या एमआयडीसीत नाहीतर नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात, बरेचसे कंत्राटदाराकडे, नाहीतर थेट पनवेल-मुंबईला. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी. शेती उरते ती घरच्या बायकांकडे आणि म्हाताऱ्यांकडे. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि पंधरा-वीस दिवस जुंपायची हे परवडेनासे झाले, तसे गोठे रिकामे झाले. त्यांच्या जागी पॉवर टिलर आले, मग छोटे ट्रॅक्टर आले. ज्यांच्याकडे नाहीत ते तासावर भाड्याने आणतात.

आता लावणीचे दिवस डोळ्यासमोर आणा. राब उपटून मुठी बांधून ठेवलेल्या आहेत. ट्रॅक्टर चिखलणी करतोय आणि मागोमाग पंधरा बाया लावत चालल्या आहेत. दुपारी ट्रॅक्टरचा आवाज बारीक होतो, दोन आचके देतो आणि बसतो. डिझेल संपलेले असते. “आहे अजून थोडं” म्हणून कुणी टाकी बघितलेली नसते. कॅन आणून डिझेल ओततात. चावी फिरवतात. इंजिन नुसते फिरते, लागत नाही. पुन्हा फिरवतात, पुन्हा फिरवतात, बॅटरी उतरेपर्यंत फिरवतात. मग फोन. मेकॅनिक म्हणतो निघालोच, आणि उजेड मावळताना येतो. दोन-चार ठिकाणी पाना लावतो, अर्ध्या तासात ट्रॅक्टर धडधडायला लागतो. तो पैसे घेऊन जातो. काय झालं होतं विचारलं तर एकच शब्द: “एअर घेतली होती.”

त्या अर्ध्या दिवसाचा हिशोब कुणी मांडत नाही. पंधरा बाया बांधावर बसून होत्या. लावणी उक्ती घेतली असेल तर काम झाले तेवढेच पैसे. हजेरीवर असतील तर मालक म्हणणार, अर्धा दिवस भरला. उपटलेले आवण उन्हात सुकते, केलेला चिखल खाली बसून घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात रोप खुपसताना बोटांची कातडी जाते. ट्रॅक्टरवाल्याचा तास बुडतो हे सगळ्यांना दिसते. बायकांचा बुडालेला दिवस मात्र पावसासारखा, देवाने दिला तसा घ्यायचा.

खरे तर ही एअर काय आहे ते समजायला पाच मिनिटे पुरतात. पेट्रोलच्या इंजिनात असते तशी ठिणगी डिझेल इंजिनात नसते. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा, आणि त्या तापल्या हवेत डिझेल बारीक फवाऱ्याने सोडले की पेट घेते. हा फवारा सोडणारे नोझल जबर दाबाशिवाय उघडत नाही. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरांत तो दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशे पट असतो. डिझेल पंप तो दाब तयार करतो. आता गंमत अशी की डिझेल दाबले तरी फारसे आकसत नाही, पण हवा आकसते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पंप ढकलतो तेव्हा बुडबुडा लहान होतो, पंप मागे येतो तेव्हा तो पुन्हा फुगतो. सगळा जोर त्या बुडबुड्यातच जिरतो. नोझल उघडत नाही, फवारा उडत नाही, इंजिन लागत नाही. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, रबरी नळीला चीर गेली किंवा जोडावरचा तांब्याचा वॉशर दबून गेला, की हवा आत शिरते. टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता ओढणीचा असतो. तिथे चीर असली तर कधीकधी थेंबही बाहेर गळत नाही, नुसती हवा आत ओढली जाते. म्हणून “कुठं गळत तर नाही” असे म्हणून सोडून द्यायचे नसते.

यात बायकांना नवीन काय आहे? दवाखान्यातली सिस्टर सलाईन लावण्याआधी नळीतली हवा काढून टाकते, ते आपण पाहिले आहे. बोअरिंगची मोटार पाणी ओढेना झाली की आधी पाणी भरून घ्यावे लागते, तेही पाहिले आहे. आणि स्टोव्ह? पंप मारून दाब तयार करायचा, पिन घालून भोक साफ करायचे, किल्ली ढिली करून हवा सोडायची. दाबाखाली इंधन फवारून पेटवणारे हे यंत्र या देशातल्या बायकांनी दोन-तीन पिढ्या दिवसातून दोनदा चालवले. त्याला कुणी यंत्र म्हटले नाही. ऐंशीच्या दशकात सुना जळून मेल्या तेव्हा मात्र पंचनाम्यात “स्टोव्हचा भडका” लिहिला गेला, म्हणजे यंत्र होते ते तिला जाळण्यापुरते.

एअर काढायची ती टाकीकडून इंजिनाकडे, डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने. उलट करून चालत नाही, हवा पुन्हा पुढे सरकते. ट्रॅक्टर सपाटीला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. टाकी भरायची, खालचा कॉक उघडा आहे ना बघायचे. जोडांभोवतीचा चिखल फडक्याने पुसून घ्यायचा, कारण एकदा आत गेलेला मातीचा कण पंपाला हवेपेक्षा महागात पडतो. मग पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू एक-दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपावरचा छोटा हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, फसफसते, बुडबुडे येतात. फेस गेला आणि डिझेलची सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तोच प्रकार दुसऱ्या फिल्टरवर. मग डिझेल पंपावरचा स्क्रू. एवढ्यावर बहुतेक वेळा इंजिन लागते. नाही लागले तर नोझलला जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे ढिले करायचे, दुसरीने स्टार्टर मारायचा, दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नाही, मग बॅटरीला दम घेऊ द्यायचा. नटाशी डिझेल उसळले की एकेक करून आवळायचे. यावेळी तिथे हात धरून बघायचे नाही. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत जाते आणि वरून साधे टोचल्यासारखे दिसते. तसे झाले तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा. सांडलेले डिझेल डब्यात धरायचे, आणि बिडी ओढणाऱ्याला बांधाच्या पलीकडे पाठवायचे. पॉवर टिलरचे काम तर याहून सोपे. बऱ्याच टिलरांची टाकी वर आणि पंप खाली असतो, त्यामुळे स्क्रू ढिला केला की डिझेल आपल्या वजनानेच खाली येऊन हवेला हाकलते.

एक इशारा. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यामुळे नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धत आली. त्यांत दाब कितीतरी जास्त असतो, तिथे नोझलच्या नळ्यांना पाना लावायचा नाही. आमच्या खाचरांत असले धूड वळत नाही हा भाग वेगळा. पण घाटावरच्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे, आणि कुठल्याही ट्रॅक्टरला हात लावण्याआधी त्याचे पुस्तक बघावे.

इतके सोपे काम बायकांना का येत नाही, हा खरा प्रश्न. उत्तर इंजिनात सापडत नाही, नांगरात सापडते. बाईने नांगर धरू नये हा संकेत आपल्याकडेच होता असे नाही, देशाच्या फार मोठ्या भागात होता. बीना अगरवाल यांचा दक्षिण आशियातल्या स्त्रिया आणि जमीनहक्क यांवरचा ग्रंथ १९९४ साली आला, त्यात त्यांनी या निषेधाचा परिणाम दाखवला आहे: नांगराला हात लावायचा नाही म्हटल्यावर विधवा असो की टाकलेली, जमीन असूनही तिला कुणा पुरुषाच्या तोंडाकडे बघावेच लागते. आमच्या रायगडने, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने, खोतीविरुद्ध चरीचा संप १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे लढवला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कुळे जमिनीची मालक झाली. कसेल त्याची जमीन. पण “कसणे” म्हणजे काय धरले गेले? नांगर धरणे. पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी यात बाईचे हात असले तरी ती कसणारी ठरली नाही, कसणाऱ्याची बायको ठरली. सातबाऱ्यावर चढले ते पुरुषाचे नाव. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया साधारण १४ टक्के निघाल्या, त्याची मुळे इथे आहेत. पुढे बैल गेले, नांगर अडगळीत पडला, पण नांगराचा विटाळ उडी मारून ट्रॅक्टरवर येऊन बसला. कुठल्या पोथीत ट्रॅक्टरचे नाव नाही, तरी नियम तोच.

आता सरकार म्हणते बाईच्या नावाने ट्रॅक्टर घ्या. कृषी यांत्रिकीकरणाची केंद्राची योजना २०१४-१५ ला सुरू झाली. तिच्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पभूधारकांना अवजारांवर ५० टक्के तर इतरांना ४० टक्के अनुदानाचे प्रमाण ठरले. अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. यातून एक गोष्ट चांगली झाली, ज्या घरांत बाईचे नाव उताऱ्यावर यायला कुणी तयार नव्हते तिथे ते आले. दहा टक्क्यांचा फरक जिथे पडतो तिथे स्त्रीमुक्तीचे विचार घरात फार लवकर पोचतात! पण नाव आले म्हणजे काय झाले? ट्रॅक्टरच्या पुढच्या काचेवर, नाहीतर हूडवर तिचे नाव किंवा कुलदेवीचे. बँकेच्या कागदावर तिची सही. हप्ता थकला तर नोटीस तिला. चावी दिराकडे, लायसन मुलाकडे, पाने मेकॅनिककडे. आमच्या बाजूला मी ज्या ज्या घरी हे विचारले तिथे ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक बाईने उघडलेले नव्हते, कारण ते कुठे ठेवले आहे हेच तिला माहीत नव्हते.

२०२३ च्या नोव्हेंबरात नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली. १५,००० बचतगटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. ड्रोन उडवणाऱ्या बाईला १५ दिवसांचे प्रशिक्षण. फोटो सगळ्यांनी पाहिले, चांगले होते. पण त्या योजनेतली एक ओळ फार कुणी वाचली नाही. दुरुस्ती, जोडणी आणि यांत्रिक कामांची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला किंवा कुटुंबातल्या माणसाला सहायक म्हणून तयार करायचे, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे उडवायला दीदी आणि पान्याला पुन्हा घरातलाच कुणी, हे कागदावरच शक्य करून ठेवले. जगात सगळीकडे असेच झालेले दिसते. सोव्हिएत युनियनमध्ये पाशा अँजेलिनाने १९३३ साली बायकांची ट्रॅक्टर तुकडी उभी केली. चीनमध्ये पहिली ट्रॅक्टरचालक म्हणून गाजलेल्या लियांग जुनवरून तर एक युआनच्या नोटेवरचे चित्र घेतले गेले. स्टिअरिंगवरची बाई चित्राला शोभते. इंजिनाखाली घुसलेली, तोंडाला काळे लागलेली बाई कुठल्या नोटेवर यायची?

याला आपल्यातूनच जो विरोध होतो तो मी गंभीरपणे घेते. गेल्या वर्षी एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “चूल, मूल, पाणी, शेत, बचतगट, आणि आता गॅरेजही बाईच्याच डोक्यावर?” मुद्दा खोटा नाही. बायकांना शिकवण्याच्या नावाखाली त्यांच्यावर बिनपगारी कामे लादण्यात आपली सरकारे आणि आपल्या संस्था दोन्ही तरबेज आहेत. पण ट्रॅक्टर बंद पडल्यावर होणारे नुकसान बाई आज भरतेच आहे, बांधावर बसून. शिवाय मजुरीचा प्रश्न इथेच गाठीला येतो. दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपे लावणे हे अकुशल काम, आणि सीटवर बसून क्लच दाबणे हे कुशल. चालवणाऱ्याची हजेरी लावणीच्या बाईपेक्षा केव्हाही जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामाला समान दाम सांगितला, पण कामेच वेगळी ठेवली की कायद्याला बोट ठेवायला जागा उरत नाही. म्हणून हे कौशल्य बाईकडे यायला हवे आणि त्याचा दामही तिला मिळायला हवा. गटाच्या टिलरची एअर काढणाऱ्या बाईला गटाने मेकॅनिकइतकेच पैसे मोजावेत, ‘आपलीच तर आहे’ म्हणून फुकटात घेऊ नये.

यंत्रांनी बायकांची कामे जातात, लावणी यंत्र आले तर आपण यंत्राच्या बाजूने कसे, असेही विचारले गेले. त्यावर वेगळे लिहावे लागेल. इतकेच म्हणते की यंत्र येणार की नाही हे आपल्याला विचारून ठरत नाही.

मे महिन्यात आम्ही बारा जणींनी एका मेकॅनिकला गटाच्या टिलरवर आणि शेजारच्या एका ट्रॅक्टरवर शिकवायला बोलावले. माणूस चांगला होता, पण पाना काही हातातून सोडेना. “ताई, तुम्ही बघा. हात खराब होतील.” एक काकी होती, साठीच्या पुढची, शेणगोठा आणि आवण यात जन्म गेलेला. ती म्हणाली, “दादा, माझे हात खराब व्हायचे राहिलेत कुठे? दे इकडे.” तिने स्क्रू सैल केला, फेस आला, फेस जाऊन धार आली आणि ती ओरडली, “आली गं सरळ!” तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. अडचण आली ती दुसरीच. पुढच्या आठवड्यात टिलर काही वेगळ्याच कारणाने अडला, तर घरोघरी एकच वाक्य: बायकांनी हात लावला म्हणून बिघडला. मेकॅनिकने केलेल्या कामानंतर यंत्र दोन दिवसांत बंद पडले तर यंत्र जुने असते. बाईने हात लावल्यानंतर बंद पडले तर बाई दोषी असते. यावर आम्ही उपाय काढला तो वहीचा. टिलरला कुणी, कधी, काय केले, कुठला वॉशर बदलला, डिझेल किती घातले, सगळे लिहायचे आणि एकटीने कधी काम करायचे नाही, दोघींनी करायचे. वहीने भांडणे थांबली नाहीत, पण आता भांडण वहीवरून होते.

हे नवीन आहे असेही नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या सुमारास महिला समाख्या कार्यक्रमातल्या खेड्यांतल्या बायका, बऱ्याचशा दलित-आदिवासी आणि निरक्षर, हातपंप दुरुस्ती शिकल्या. जड पाइपा वर ओढण्यापासून सगळे त्यांनी केले. तोवर पंप बंद पडला की पाण्यासाठी मैल चालायचे बायकांनी आणि दुरुस्तीला यायचे की नाही ते ठरवायचे कुणा साहेबाने. आपल्या चळवळीत त्या पंपांवर खूप बोलले गेले. टिलरवर का बोललो नाही?

आपण मागायचे काय ते मला स्पष्ट दिसते. बाईच्या नावावर अनुदान द्यायचे असेल तर ज्या बाईचे नाव आहे तिलाच, घरातल्या दुसऱ्या कुणाला नाही, चालवण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे, तेही तिच्या गावात, लावणी-कापणीचे दिवस सोडून. यंत्राबरोबरचे पुस्तक मराठीत हवे, चित्रांसह. पान्यांचा संच तिच्या हातात द्यावा. आणि ज्या मागणीवरून आमच्याच गावात मला बोलणी खावी लागली ती ही: यंत्र बंद पडल्यामुळे मजूर बायका बसून राहिल्या तर त्यांची हजेरी पूर्ण धरावी. यंत्र ज्याचे किंवा जिचे, तोटाही त्याचा किंवा तिचा. गटाच्या टिलरलाही हाच नियम लागू, नाहीतर आपल्यात आणि मालकात फरक काय राहिला?

पाऊस लागायच्या आधी करण्यासारखे बरेच आहे. रबरी नळी वाकवून चीर बघणे, दबलेले वॉशर बदलणे, फिल्टर बदलणे, खालच्या वाटीत साठलेले पाणी आणि गाळ काढणे. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली ठेवली तर आत दव धरून पाणी साठायला जागा कमी राहते. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी निडीला आम्ही पुन्हा बसणार आहोत. यावेळी शिकवणार त्या काकी. रोहा आणि पेण तालुक्यांतल्या ज्या गटांना यायचे असेल त्यांनी सकाळच्या गाडीने यावे, दहापासून एकोणीसपर्यंतचे पाने असतील ते घेऊन यावेत, आणि साडी जुनी नेसावी.